महापालिकांचा विद्युत् वाहनताफा आणि चार्जर-उभारणीचा प्रश्न

महाराष्ट्र शासनाने 2021 च्या जुलै महिन्यात आपले विद्युत् वाहन धोरण जाहीर केले. प्रमुख शहरांत वापरावयाची नवी शासकीय वाहने 2022 च्या एप्रिलपासून विद्युत् असावीत, अशी तरतूद त्या धोरणात होती; पुढे ही मुदत त्याच वर्षाच्या 1 जानेवारीपर्यंत अलीकडे ओढण्यात आली. मुदत अलीकडे ओढणे हे एका आदेशाने साधते. वाहनाला वीज पुरविणारी केबल मात्र जमिनीत पुरावी लागते, रोहित्र ओट्यावर बसवावे लागते, आणि विद्युत् निरीक्षकाची मंजुरी मिळाल्यावाचून त्यांपैकी कशातही वीज सोडता येत नाही. आदेशाची गती आणि केबलची गती यांतील या अंतरातच प्रस्तुत विषयाचे सारे मर्म आहे.

महापालिकेच्या कारभारात वाहन विकत घेणे ही नित्याची गोष्ट आहे. निविदा काढावी, दर ठरवावा, वाहने आली की त्यांची नोंद करावी, आणि डिझेलसाठी वर्षाची तरतूद करावी, या चाकोरीत वाहन विभागाचे काम अनेक दशके चालत आले. त्यामुळे विद्युत् वाहनांचा प्रश्नही प्रथम खरेदीचाच प्रश्न म्हणून पाहिला गेला, आणि चार्जर ही वाहनाबरोबर येणारी एक जोडवस्तू समजली गेली. वस्तुतः चार्जर हा एका लांब साखळीचा शेवटचा दुवा होय. त्याच्या मागे आगारातील वितरण-फलक, त्यामागे रोहित्र, त्यामागे उच्च दाबाची वाहिनी आणि त्यामागे वीज कंपनीचे उपकेंद्र असते. यांपैकी कोणताही एक दुवा अपुरा असेल तर चार्जर कितीही उत्तम असला तरी त्याचा उपयोग नाही.

डिझेलच्या व्यवस्थेशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होईल. शंभर बसगाड्यांच्या आगाराला डिझेलचे दोनतीन पंप पुरतात, कारण एका गाडीला इंधन भरण्यास काही मिनिटेच लागतात आणि गाड्या एकामागून एक रांगेने पुढे सरकतात. इंधन टाकीत साठविलेले असते. टँकर सकाळी आला काय किंवा दुपारी आला काय, आगाराच्या कामात फरक पडत नाही. वीज मात्र आगारात साठविलेली नसते, आणि भरण्यास मिनिटे नव्हे तर तास लागतात. म्हणून रांगेची जागा एकाच वेळी उभ्या असलेल्या अनेक गाड्या घेतात, आणि 'किती इंधन' या प्रश्नाबरोबर 'कोणत्या वेळी' हा दुसरा प्रश्न उभा राहतो.

मुंबईकरांना विजेवर चालणारे सार्वजनिक वाहन नवे नाही. तेथे 1907 च्या मे महिन्यात विजेची ट्राम सुरू झाली आणि 1964 च्या मार्चअखेर ती बंद झाली. 1962 ते 1971 या काळात काही मार्गांवर ट्रॉलीबसही धावली. परंतु ही दोन्ही वाहने डोक्यावरील तारेतून चालता चालता वीज घेत. दिवसभरात जसजसा प्रवास होई तसतसा विजेचा वापर होई, आणि तो साऱ्या मार्गावर विखुरलेला असे. आजची बस दिवसभराची वीज रात्रीच्या चारसहा तासांत, एकाच जागी उभी राहून घेते. वाहन विजेचे असले तरी वीजपुरवठ्याच्या दृष्टीने ही समस्या ट्रामच्या समस्येहून अगदी वेगळ्या जातीची आहे, आणि जुन्या अनुभवाचा येथे फारसा आधार मिळत नाही.

भाराचे गणित

चार्जर किती व कोणत्या क्षमतेचे लागतील, याचा निर्णय वाहनांच्या संख्येवरून घेणे ही सर्वांत सामान्य चूक होय. तो निर्णय वाहन रोज किती धावते आणि किती वेळ एका जागी उभे राहते, या दोन गोष्टींवरून घ्यावयाचा असतो. एका महापालिकेच्या कार्यालयीन मोटारींचे उदाहरण घेऊ. समजा अशा शंभर मोटारी आहेत आणि प्रत्येक मोटार दिवसाला सरासरी 60 किलोमीटर चालते. एका युनिटमध्ये मोटार सुमारे 6 किलोमीटर जाते असे धरल्यास प्रत्येकीला रोज 10 युनिट वीज लागेल. मोटार संध्याकाळी सात ते सकाळी सात अशी बारा तास उभी असते. म्हणजे बारा तासांत दहा युनिट, सरासरी एक किलोवॅटहूनही कमी. साध्या 3.3 किलोवॅटच्या चार्जरवर हे काम तीन तासांत होते. शंभरही मोटारी एकाच क्षणी या चार्जरांना जोडल्या तरी एकूण भार 330 किलोवॅट होतो, आणि त्यांच्या वेळा वाटून दिल्या तर तो शंभर किलोवॅटच्या आतही ठेवता येतो.

याच मोटारींसाठी 60 किलोवॅटचे वीस 'जलद' चार्जर बसविले तर मंजूर भार 1,200 किलोवॅट मागावा लागेल, स्वतंत्र रोहित्रे लागतील, आणि प्रत्येक चार्जरपाशी मोटार आणून, भरून झाल्यावर ती हलवून दुसरी लावण्यासाठी रात्री माणूस ठेवावा लागेल. एवढे करून मोटारींना मिळणारी वीज तीच शंभर गुणिले दहा युनिट! जलद चार्जरचे आकर्षण समजण्यासारखे आहे. उद्घाटनाच्या फीत कापण्यास भिंतीवरचे प्लग शोभत नाहीत. परंतु ज्या वाहनाला घाई नाही त्याच्यासाठी घाईचे यंत्र घेणे हा सार्वजनिक पैशाचा सरळ अपव्यय होय.

बसगाड्यांचे गणित वेगळे आहे. बारा मीटर लांबीची वातानुकूलित बस दिवसाला 200 किलोमीटर चालते आणि प्रत्येक किलोमीटरला 1.2 युनिट घेते असे मानू. म्हणजे एका बसला 240 युनिट, आणि शंभर बसच्या आगाराला 24,000 युनिट. चार्जर आणि बॅटरी यांतील दहा टक्के हानी जमेस धरली तर आगाराने रोज सुमारे 26,700 युनिट घेतली पाहिजेत. रात्री अकरा ते पहाटे पाच या सहा तासांत हे काम समान गतीने झाले तर सरासरी भार सुमारे 4,450 किलोवॅट येतो. प्रत्येक बस आल्याबरोबर 120 किलोवॅटच्या चार्जरला जोडली आणि कोणतेही नियंत्रण ठेवले नाही, तर हाच भार 13,000 किलोवॅटच्या पुढे जातो. पहिल्या स्थितीत 1,000 केव्हीए क्षमतेची पाच रोहित्रे व एक राखीव पुरेल. दुसऱ्या स्थितीत चौदा लागतील, आणि कदाचित आगारापर्यंत अधिक दाबाची नवी वाहिनीच आणावी लागेल. दोन्ही स्थितींत बसगाड्या तेवढ्याच, त्यांचे मार्ग तेच आणि त्यांची वीजही तेवढीच. फरक पडतो तो केवळ चार्जरांच्या वेळा जुळविणाऱ्या नियंत्रणव्यवस्थेने.

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. शेवटची बस रात्री साडेबाराला आगारात येते आणि तीच पहाटे साडेचारला बाहेर पडते. तिला सहा तास मिळत नाहीत, मग सरासरीचे गणित तिला कसे लागू पडावे? तिला मिळतात चार तास, आणि चार तासांत 240 युनिट म्हणजे 60 किलोवॅट. सर्वांत अडचणीच्या बसलाही रात्री 120 किलोवॅटची गरज नाही, असा याचा अर्थ. मोठ्या क्षमतेचा खरा उपयोग दिवसा आहे. दुपारी गर्दी ओसरलेली असताना अर्धा तास उभ्या राहिलेल्या बसला 120 किलोवॅटने 60 युनिट, म्हणजे आणखी पन्नास किलोमीटर मिळतात. म्हणून काही थोडे मोठे चार्जर आणि बरेच मध्यम चार्जर अशी मिश्र रचना बहुधा हितावह ठरते. कोणत्या आगारात कोणते प्रमाण योग्य, हे मात्र त्या आगाराच्या वेळापत्रकावाचून सांगता येणार नाही; आणि वेळापत्रक वाहतूक विभागाकडे असते तर चार्जरची निविदा विद्युत् विभाग काढतो.

कचरागाड्यांविषयी स्वतंत्र विचार करावा लागतो. त्यांचे अंतर थोडे असते, पण कचरा दाबणारी यंत्रणा बॅटरीवरच चालते आणि गाडी प्रत्येक घरापाशी थांबते. त्यामुळे किलोमीटरवरून केलेला अंदाज येथे फसतो. न्यूयॉर्क शहराचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. त्या शहराच्या कचरागाड्या हिवाळ्यात पुढे फाळ लावून रस्त्यावरील बर्फ लोटण्याचेही काम करतात. विद्युत् गाड्यांची चाचणी घेतल्यावर त्या बर्फाच्या कामावर सुमारे चार तासच टिकतात, गरज मात्र बारा तासांची आहे, असे तेथील स्वच्छता खात्याने 2022 मध्ये नगर परिषदेपुढे सांगितले. त्यानंतर 2023 मध्ये संमत झालेल्या कायद्याने, काही अपवाद ठेवून, शहराची हलकी व मध्यम वाहने 2035 पर्यंत आणि जड वाहने 2038 पर्यंत धूररहित करण्याचे बंधन घातले. जड वाहनांना तीन वर्षे अधिक मिळाली, यात या अडचणीची कबुलीच दिसते. आपल्याकडे बर्फ नाही, परंतु पावसाळ्यात ओला कचरा जड होतो आणि गाडीला चिखलातून वाट काढावी लागते; सरासरी दिवसावरून नव्हे तर वर्षातील सर्वांत कठीण आठवड्यावरून हिशेब करावा, हा धडा येथेही लागू पडतो.

वीज आगारापर्यंत आणणे

भार ठरल्यानंतर प्रत्यक्ष उभारणीचा क्रम सुरू होतो, आणि येथेच बहुतेक योजना अडखळतात. वीज कंपनीकडे अर्ज करावा लागतो. कंपनी जागेची पाहणी करून जवळच्या उपकेंद्रात क्षमता शिल्लक आहे किंवा नाही हे पाहते. मग अंदाजपत्रक येते, त्याचे पैसे भरले जातात, वाहिनी टाकण्याचे काम निघते, रोहित्रे व फलक बसतात, विद्युत् निरीक्षक तपासणी करतात, मीटर लागते आणि अखेर पुरवठा सुरू होतो. हा सारा क्रम आधीच्या पायरीवाचून पुढची पायरी न उचलता येण्याजोगा आहे. चार्जर मात्र बाजारात तयार मिळतात. त्यामुळे आर्थिक वर्ष संपत आले आणि तरतूद परत जाण्याची भीती उभी राहिली की मार्च महिन्यात चार्जर विकत घेतले जातात, खोक्यांत भरलेले असतानाच त्यांचे देयक मंजूर होते, आणि त्यांची हमीची मुदत विजेची वाट पाहत गोदामात संपू लागते. हे कोणा एका अधिकाऱ्याच्या निष्काळजीपणाने घडते असे मानणे अन्यायाचे होईल. वार्षिक अंदाजपत्रकाच्या चौकटीत बहुवार्षिक बांधकाम बसविण्याचा तो परिणाम होय.

केबलसाठी रस्ता खोदावा लागतो. रस्ता महापालिकेचा, आगार महापालिकेच्या परिवहन उपक्रमाचे, आणि खोदण्याची परवानगी द्यावयाची ती महापालिकेच्याच पथ विभागाने. तरीही ही परवानगी मिळविण्यास बाहेरच्या अर्जदाराइतकाच वेळ लागतो, असा प्रकार विरळा नाही. शिवाय पावसाळ्यात रस्ते खोदण्यास सामान्यतः मनाई असते. म्हणजे मे महिन्यात मिळालेले अंदाजपत्रक जूनमध्ये भरले तर खोदाई ऑक्टोबरपूर्वी सुरू होत नाही. निविदेत लिहिलेले 'सहा महिने' कोणते सहा महिने, हे पाहिल्यावाचून त्या आकड्याला अर्थ नसतो.

या संदर्भात मुंबईच्या 'बेस्ट' उपक्रमाची स्थिती लक्षणीय आहे. हा उपक्रम 1947 मध्ये मुंबई महापालिकेकडे आला, आणि तो बसवाहतूक चालवितो तसेच शहर विभागात वीजही वितरित करतो. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या आगारांत बस आणि वीज या दोहोंचा मालक एकच, असा दुर्मीळ योग तेथे आहे. 2017 च्या नोव्हेंबरात 'बेस्ट'च्या ताफ्यात पहिल्या विद्युत् बसगाड्या दाखल झाल्या त्या बॅकबे आगारात, म्हणजे याच विभागात. उपनगरांतील आगारांसाठी मात्र याच उपक्रमाला अदानी, टाटा किंवा महावितरण यांच्या दारी ग्राहक म्हणून जावे लागते. एकाच संस्थेच्या दोन प्रकारच्या आगारांत उभारणीला लागलेला वेळ आणि झालेला खर्च यांचा तौलनिक अभ्यास झाल्यास, संस्थात्मक रचनेचा या कामावर किती परिणाम होतो, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळू शकेल. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने याकडे लक्ष द्यावे.

आगाराच्या आतील जागेचा प्रश्न कागदावर लहान दिसतो आणि प्रत्यक्षात मोठा होतो. आपल्या शहरांतील आगारे जुनी व अरुंद आहेत. रात्री बसगाड्या एकमेकींना खेटून, नाकाला शेपूट लावून उभ्या केल्या जातात. चार्जरची केबल काही मीटरच लांब असते, आणि बसचे चार्जिंगचे तोंड कोठे मागे तर कोठे बाजूला असते. प्रत्येक बसपर्यंत केबल पोहोचावयाची तर रांगांमध्ये वाट सोडावी लागते, चार्जरांच्या संरक्षणासाठी कठडे उभारावे लागतात, रोहित्रांभोवती मोकळी जागा ठेवावी लागते. आणि इतके करून पाहिले की जेथे शंभर बस मावत होत्या तेथे त्याहून बऱ्याच कमी मावतात. उरलेल्या बस रस्त्यावर उभ्या कराव्यात तर तेथे चार्जर नाही. केबल वरून, लोखंडी सांगाड्यावरून सोडण्याची पद्धत यावर उपाय म्हणून वापरली जाते, परंतु तिला पाया खणावा लागतो आणि खर्चही अधिक येतो. जागेचा नकाशा भाराच्या हिशेबाबरोबरच तयार झाला नाही, तर चार्जर बसविल्यावर ते हलविण्याची पाळी येते.

ओट्याच्या उंचीविषयीही येथेच सांगितले पाहिजे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि शहराच्या सखल भागांत जे साचले ते मुंबईच्या स्मरणात आहे. डिझेल बस पाण्यातून बाहेर काढून, सुकवून पुन्हा चालविता येते. पाण्याखाली गेलेला वितरण-फलक किंवा चार्जर तसा चालविता येत नाही, आणि तो बंद असताना आगारातील एकही बस बाहेर पडू शकत नाही. ज्या दिवशी लोकांना बसची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच दिवशी ताफा पांगळा व्हावा, हा धोका ओटा अर्धा मीटर उंच बांधण्याच्या खर्चापेक्षा फार मोठा आहे.

मानके, दर आणि करार

चार्जर व वाहन यांच्या जोडणीचे मानक बदलले तर काय घडते, याचे उदाहरण केंद्र शासनाच्या अनुभवातच आहे. 2017 मध्ये एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या शासकीय कंपनीने शासकीय कार्यालयांसाठी दहा हजार विद्युत् मोटारींची निविदा काढली. त्या मोटारी कमी व्होल्टेजच्या बॅटरीवर चालत आणि त्यांच्यासाठी 'भारत डीसी-001' या मानकाचे 15 किलोवॅटचे चार्जर बसविण्यात आले. मोटारींचा पल्ला कमी पडतो अशी तक्रार अधिकाऱ्यांकडून लवकरच होऊ लागली. पुढे बाजारात आलेल्या मोटारी अधिक व्होल्टेजच्या होत्या आणि त्यांची जोडणी 'सीसीएस-2' पद्धतीची होती. जुने चार्जर त्यांना वीज देऊ शकत नव्हते. चार्जर सुस्थितीत आहे, पण त्याला जोडण्याजोगी गाडी उरलेली नाही, अशी ही विचित्र अवस्था होय. यावरून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा की, जमिनीखालील भाग, म्हणजे नळ्या, खंदक, रोहित्राचा ओटा आणि फलकातील राखीव जागा, हा वीसपंचवीस वर्षांच्या दृष्टीने आणि भावी ताफ्याच्या मानाने बांधावा. जमिनीवरील चार्जर मात्र आठदहा वर्षांत बदलावयाचे आहेत असे समजून आजच्या गरजेपुरतेच घ्यावेत. रिकामी नळी पुरून ठेवण्यास थोडा खर्च येतो. रस्ता पुन्हा खोदण्यास फार येतो. तसेच चार्जर व नियंत्रक संगणक यांचा परस्पर संवाद 'ओसीपीपी' या खुल्या पद्धतीने व्हावा अशी अट निविदेत असावी. अन्यथा एका उत्पादकाचे चार्जर घेतल्यावर पुढची सर्व खरेदी त्याच्याकडूनच करणे भाग पडते.

विजेच्या दराचा प्रश्न अलीकडे गुंतागुंतीचा झाला आहे. केंद्र शासनाने 2023 च्या जूनमध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत जी सुधारणा केली तीनुसार, दिवसातील सूर्यप्रकाशाच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा दहा ते वीस टक्के कमी आणि अधिकतम मागणीच्या तासांत तितकाच जास्त ठेवावयाचा आहे. व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी ही व्यवस्था 2024 च्या एप्रिलपासून अमलात आणावयाची होती. रात्रीची वीज स्वस्त, हा जो समज डिझेल-वीज तुलनेच्या जुन्या हिशेबांत गृहीत धरलेला असे, तो यामुळे ढळला. सौर विजेच्या वाढीबरोबर दुपार स्वस्त होत आहे, आणि बस दुपारी रस्त्यावर असते. कार्यालयीन मोटारी मात्र दुपारी कार्यालयाच्या आवारातच उभ्या असतात. त्यांचे चार्जर घराजवळ किंवा वाहनतळात नव्हे, तर कार्यालयाच्या आवारात बसविण्यास हे एक नवे कारण मिळाले आहे. महाराष्ट्रात उच्च दाबाच्या ग्राहकांना 2020 च्या एप्रिलपासून केव्हीएएच या एककावर आकारणी होऊ लागल्यामुळे चार्जरचा शक्तिगुणक किती, हा प्रश्नही आता केवळ अभियंत्यांपुरता राहिलेला नाही. तो सरळ देयकात उतरतो. करार मागणी ओलांडली तर दंडाचा बोजा वेगळा पडतो, आणि नियंत्रणाशिवाय चालणाऱ्या आगारात एका रात्रीची गैरव्यवस्था साऱ्या महिन्याच्या देयकावर दिसते.

आता कराराकडे वळू. आपल्याकडील बहुतेक शहरांत विद्युत् बस परिवहन उपक्रमाच्या मालकीची नसते. खाजगी चालक कंपनी बस व चार्जर आणते, चालक नेमते, आणि तिला प्रतिकिलोमीटर ठरलेला दर मिळतो. मार्ग, वाहक व तिकीट उपक्रमाकडे असतात. पुण्यात 2019 च्या फेब्रुवारीत पहिल्या 25 विद्युत् बसगाड्या याच पद्धतीने सुरू झाल्या, आणि त्यांच्यासाठी भेकराईनगर व निगडी ही आगारे सिद्ध करण्यात आली. या पद्धतीत आगाराच्या कुंपणापर्यंत वीज आणण्याची जबाबदारी बहुधा उपक्रमाची आणि कुंपणाच्या आतील चार्जरांची कंपनीची, अशी विभागणी होते. विभागणी स्पष्ट दिसते, पण तिच्यात एक फट आहे. वीज वेळेवर आली नाही तर बस येऊन उभ्या राहतात, आणि करारात किमान किलोमीटरची हमी असल्यास न धावलेल्या बसचे पैसे कोणी सोसावेत, हा वाद निर्माण होतो. बस न येता वीज आली, तर वापर नसतानाही मागणी आकार उपक्रमाला भरावा लागतो. दोन्ही बाजूंचे वेळापत्रक एकाच करारात, एकमेकांशी बांधून लिहिले पाहिजे: अमुक इतका भार कार्यान्वित झाल्यावर अमुक इतक्या बस, आणि पुढील टप्प्याच्या भारानंतर पुढील बस. 2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने मंजूर केलेल्या 'पीएम-ईबस सेवा' योजनेत 169 पात्र शहरांतून निवडलेल्या शहरांसाठी दहा हजार बसगाड्यांबरोबर आगारातील वीजव्यवस्थेच्या उभारणीलाही साहाय्य ठेवले आहे. बसला अनुदान आणि केबलला काहीच नाही, ही पूर्वीच्या योजनांतील उणीव ध्यानात आल्याचे ते लक्षण मानावयास हरकत नाही.

चीनमधील शेन्झेन शहराने 2017 च्या अखेरीस आपल्या सर्व, म्हणजे 16,359 बसगाड्या विजेवर आणल्या, आणि या विषयावरील प्रत्येक चर्चेत त्याचा दाखला दिला जातो. त्या यशाचे श्रेय बहुधा अनुदानांना व बसनिर्मात्याला दिले जाते. तेथे चार्जिंगचे काम बसकंपन्यांनी बव्हंशी स्वतः न करता त्या कामातच मुरलेल्या वेगळ्या कंपन्यांकडे सोपविले आणि त्यांना सेवाशुल्क दिले, या गोष्टीकडे तुलनेने कमी लक्ष जाते. बस चालविणाऱ्यास रोहित्रांचे ज्ञान असेलच असे नाही. तथापि तेथील जमीन, वीज कंपनी आणि बसकंपन्या या सर्वांवर शासनाचे जे नियंत्रण आहे ते आपल्या महापालिकांपाशी नाही. म्हणून त्या व्यवस्थेचा कित्ता जसाच्या तसा गिरविता येणार नाही.

न्यूयॉर्कने याच अडचणीवर एक लहानसा पण चतुर उपाय केला. जेथे केबल आणण्यास वेळ लागणार होता अशा अनेक ठिकाणी त्या शहराने सौर छत असलेले, स्वतःच्या वजनावर उभे राहणारे चार्जर ठेवले. त्यांना पाया नको, खोदाई नको आणि वीजजोडणीही नको. छताखालील बॅटरीत साठलेली वीज रोज मोजक्या किलोमीटरपुरती असते, परंतु कार्यालयीन मोटारीला तेवढी पुरते. बसच्या किंवा कचरागाडीच्या उपयोगाची ही युक्ती नव्हे. तिचे खरे मूल्य असे की, वीजजोडणीचे काम चालू असताना मोटारी अडून राहत नाहीत, आणि ते पूर्ण झाल्यावर तेच चार्जर उचलून दुसऱ्या आवारात नेता येतात.

अग्निशामक बंब आणि रुग्णवाहिका यांचा विचार सर्वांत शेवटी करावा, हेच बरे. त्यांचे काम किलोमीटरात मोजता येत नाही. कोणत्याही क्षणी निघण्याची तयारी हेच त्यांचे काम होय. त्यांच्या चार्जरांसाठी दुसऱ्या वाहिनीवरून पर्यायी पुरवठा किंवा जनित्र असणे अटळ आहे, आणि तो खर्च आज अनेक महापालिकांना परवडणारा नाही.

उभारणी पूर्ण झाल्यावरही एक गोष्ट उरते, आणि ती बहुधा कोणाच्याच कार्यकक्षेत लिहिलेली नसते: रात्री अडीच वाजता चार्जर बंद पडला तर तो पाहावयाचा कोणी? चार्जर पुरविणारी कंपनी आगाराबाहेर असते, वीज कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते, आणि आगारातील यंत्रकामगार डिझेल इंजिनाचा जाणकार असतो. पहाटे साडेचारची बस बाहेर पडली नाही की ही उणीव वाहतूक विभागाच्या नोंदवहीत 'गाडी नादुरुस्त' या शीर्षाखाली जाते, आणि महिनाअखेरीस ती वाहनाच्या दोषांत मोजली जाते. चार्जरच्या बिघाडासाठी त्या नोंदवहीत स्वतंत्र रकाना घालणे आणि रात्रपाळीच्या दोन वीजतंत्र्यांची पदे चार्जरच्या निविदेबरोबरच मंजूर करून घेणे, एवढे तरी प्रत्येक परिवहन उपक्रमाला आजच करता येण्याजोगे आहे.